सुभेदारांचा संशय

सई आणि ईशान,

गेल्या रविवारी आपल्या ग्रुपवर ईशानने कळवलं, की विमानातून उडी मारायला शिकण्यासाठी त्याने नाव घातलं आहे. त्याखाली सईने लिहिलं, "फक्त मंठ्याच्या त्या संशयी आजोबांना काही दाखवू नकोस." मी हसरा चेहरा टाकला आणि फोन पालथा ठेवला. त्यानंतर दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही. ते संशयी आजोबा आषाढात वारले. मी ते तुम्हाला कळवलंही नव्हतं. आता त्यांच्याविषयी लिहिते आहे, आणि कागदावरच लिहिते आहे, कारण फोनवर मी मध्येच विषय बदलेन.

"कोणी बांधलं हे?" हे त्यांचं पहिलं वाक्य असायचं. नमस्कार वगैरे नंतर. गणपतीच्या मंडपात शिरण्याआधी ते बांबूची प्रत्येक गाठ ओढून बघत, आणि ज्याने ती बांधली त्याला समोर बोलावून घेत. नागपंचमीला आमच्या गल्लीत लिंबाला झोका बांधला, की त्यावर आधी सुभेदार बसत. पांढऱ्या मिशांचा माणूस झोक्यावर गंभीरपणे मागेपुढे होतोय आणि बायका पदर तोंडाला लावून हसताहेत, असं ते दृश्य असे. उतरले की म्हणत, "हां, बराबर आहे. बसा आता." आभार कोणीच मानत नसे.

त्यांचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. सारी गल्ली त्यांना सुभेदारच म्हणायची. सैन्यात छत्रीने, म्हणजे पॅराशूटने, उड्या मारणाऱ्यांच्या तुकडीत त्यांची हयात गेली. त्याच छत्र्या घडी करून बांधायचं कामही त्यांच्याकडे होतं. निवृत्तीनंतर काही वर्षं त्यांनी बाहेर कुठेतरी हौशी मुलांना उड्या शिकवल्या आणि मग ते गावी परतले. शेत भाऊ कसत होता. सुभेदार आमच्या मागच्या घरात एकटे राहत.

गावाचा मात्र त्यांच्यावर विश्वास नव्हता. हे तिकडे भटारखान्यात होते, उडी बिडी काही मारलेली नाही, असं लोक म्हणत. मी शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई, पुरावा मागायची सवय. मलाही शंका होतीच. घरात एक फोटो नाही, भिंतीवर प्रशस्तिपत्रक नाही. शिवाय आकाशातून उडी मारणारा हा माणूस माझ्या गच्चीचा जिना दोन्ही हातांनी भिंत धरून चढायचा. एकदा मी त्यांना त्याबद्दल विचारलंच. ते म्हणाले, "पाठीवर काही न्हाई न, बाई."

कॅमेऱ्याचा तर त्यांना फारच संशय. आमच्या शेजारच्या लग्नात वरातीवर ड्रोन उडवला होता. सगळे वर बघून हात हलवत होते. सुभेदारांनी उन्हात छत्री उघडली आणि ती माझ्या डोक्यावर धरून ते उभे राहिले. ड्रोनवाल्याला त्यांनी विचारलं, की बॅटरी संपली तर हे कोणाच्या डोक्यात पडणार, ते ठरलंय का? तो म्हणाला, काका, तसं होत नाही. "होत न्हाई म्हणणाऱ्यापासून लांब उभं राहावं," सुभेदार मला म्हणाले. लोक खूप हसले. मीही हसले, पण छत्रीखालून बाहेर आले नाही.

त्यांच्या कामातली एक रीत त्यांनी मला सांगितली होती. छत्री बांधणारा घडीच्या कार्डावर सही करतो. एखाद्या सकाळी साहेब येतो, रचलेल्या छत्र्यांमधली एक उचलतो, सही बघतो आणि सही करणाऱ्याला म्हणतो, चला, ही तुम्ही घाला. विमान तयार असतं. नाही म्हणायची सोय नसते. "म्हणून तिथं कोणी कोणाला बरा माणूस हाय का ते इचारत न्हाई," ते म्हणाले. "सही कोणाची ते बघतात."

आता माझी गोष्ट सांगते.

चार वर्षांपूर्वी सई तीन आठवड्यांसाठी आली, ते आठवत असेल. तिकडे परदेशात तिच्या साठेक उड्या झाल्या होत्या. इथे दुसऱ्या राज्यातल्या एका धावपट्टीवर हौशी लोकांचा आठवड्याचा कँप होता आणि तिला तिथे स्वतःच्या छत्रीने, हेल्मेटवर कॅमेरा लावून उतरायचं होतं. तिने एका माणसाकडून वापरलेलं पॅराशूट विकत घेतलं आणि ते परस्पर माझ्या पत्त्यावर पाठवायला सांगितलं. पार्सल आलं ते घट बसायच्या आधीच्या आठवड्यात.

तुम्ही आपल्याकडचं ते धुणं पाहिलेलं नाही. घटस्थापनेआधी घरातलं झाडून सगळं कापड धुऊन निघतं. पडदे, रजया, गोधड्या, पायपुसणीसुद्धा. गावभर गच्च्यांवर नुसतं कापड असतं. अशा वेळी परक्या पुरुषाच्या घामाचा वास असलेलं एक पाठीवरचं गाठोडं माझ्या घरात येऊन पडलं. मी दोन दिवस ते ओसरीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

खालच्या कप्प्याची पिन मी ओढून काढली. कापड निघत गेलं, निघत गेलं, संपेचना. ते मी मोठ्या टबात सोडा आणि साबण घालून भिजवलं, बाजूला स्टुलावर ते पट्ट्यांचं गाठोडं ठेवून. एका कडेला लाल मातीचा डाग होता, तो ब्रशने घासला. मग गच्चीवर तीन दिवस कडक ऊन दिलं. दोऱ्यांची नीट वेणी घातली. घडी करताना कडेला शिवलेली इंग्रजी सूचनांची पट्टी दिसली. उन्हापासून आणि साबणापासून दूर ठेवा, असं तिच्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पेपरच्या आधी सूचना वाचा, असं जन्मभर मुलांना बजावत आलेली मी ती पट्टी चौथ्या दिवशी वाचत होते. तरीही मी घडी पूर्ण केली, डांबराच्या गोळ्या घातल्या आणि कप्पा जमेल तसा बंद केला.

सई आली. बघून म्हणाली, "आजी, काय स्वच्छ ठेवलंय गं त्या माणसाने." मी पोळी तव्यावर टाकली.

सांगायचंच होतं. संध्याकाळी सांगू, जेवण झाल्यावर सांगू, असं करत राहिले. त्याऐवजी मी सुभेदारांना बोलावलं. मनात हिशेब असा, की खरंच काही बिघडलं असेल तर ते सांगतील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. बिघडलं नसेल तर उत्तमच. हा माझा हिशेब होता, तो इथे लिहून ठेवते.

ते आले. आधी त्यांनी हेल्मेट बघितलं. खिशातून सुतळी काढली आणि ती हेल्मेटवरून, कॅमेऱ्यावरून सगळ्या बाजूंनी सावकाश ओढली. सुतळी तीनदा अडकली. छत्री उघडताना तिची दोरी अशीच अडकते आणि मग मान जाते, असं त्यांनी सईला सांगितलं. कॅमेऱ्याच्या कडा बुजव, अडकलं तर एका हाताने हेल्मेट सुटलं पाहिजे, आणि दोनशे उड्या होईपर्यंत कॅमेरा लावूच नकोस, म्हणाले. सईने विचारलं, दोनशेच का? "तवर आपण खालची जमीन बघतो. कॅमेरा लावला की आपण कसे दिसून राह्यलो ते बघतो." सई हसली. तोपर्यंत दोघांचं छान जमलं होतं.

मग त्यांनी कापड हातात घेतलं. वास घेतला. चिमटीत चोळलं. तोंडावर धरून त्यातून श्वास ओढला, दुसऱ्या जागी धरून पुन्हा ओढला. मी समोर भाजी निवडत होते.

"कोणी धुतलं हे?"

विचारलं सईला, पण बघत होते माझ्याकडे. मी मान वर केली नाही.

सई म्हणाली, कोणी कशाला धुईल? तिने तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला. त्या बिचाऱ्याने आईची शपथ घेऊन सांगितलं, की त्याने कधी पाण्यात घातलेलं नाही. तो खरं बोलत होता. सुभेदारही खरं बोलत होते. खोटं एकच माणूस होतं आणि ते मेथीची पानं काढत होतं.

सुभेदारांनी निर्वाणीचं सांगितलं, कापड धुतलेलं आहे, ऊन खाल्लेलं आहे, आता ते हवा धरणार नाही, घालू नको. सईला वाटलं, म्हातारा अडून बसला आहे. ते गेल्यावर ती मला म्हणाली, स्वतःला आता उडता येत नाही, म्हणून जळतात. खिडकी उघडी होती. त्यांनी ते ऐकलं असणार. पुढचे तीन दिवस ती छत्री पसरून घड्या घालत होती आणि मी तिला डबे भरून देत होते. तीन दिवसांत निदान तीस वेळा मी तोंड उघडलं आणि प्रत्येक वेळी दुसरंच काहीतरी बोलले. नातीने आपल्याला वेंधळी म्हणू नये, एवढीच ती भीती होती. लिहिताना ती फार लहान दिसते. तेव्हा ती घरभर होती.

जायच्या दिवशी सकाळी गाडी यायच्या आधी मी फाटकाशी सडा टाकत होते. सुभेदार आले. आत आले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या गच्चीवर ते वाळताना मी बघितल्तं. चादर समजलो. परवा हातात घेतलं तवा कळलं."

मी बादली धरून उभी.

"मी सांगितलं तर ती माझं मानणार न्हाई. तुमचं मानंल. तुमी बोलता, का मी कापू?"

त्यांनी पुरेसा वेळ दिला. रस्त्यावरून दुधाची मोटारसायकल गेली, ती वळेपर्यंत ते थांबले. मी बोलले नाही.

ते आत गेले. सई ओसरीत बॅगा लावत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खाली वाकून छत्रीचा कप्पा उघडला आणि खिशातल्या चाकूने दोऱ्यांचा एक झुबका कापून टाकला. दोन सेकंदांचं काम. सई काय काय बोलली ते तिला आठवत असेल, मी लिहीत नाही. ते सगळं ऐकून घेत उभे राहिले. मग म्हणाले, "बोल माय, बोल. बिलकुल बोल." आणि जिना नसतानाही भिंतीला हात लावत बाहेर गेले.

कँप बुडाला. सई ठरल्यापेक्षा चार दिवस आधी परत गेली. जाताना त्यांच्या घराकडे तिने बघितलंही नाही. सईच्या आईने फोनवर विचारलं, तेव्हा मी सांगितलं, सुभेदारांनी कापलं. ते वाक्य खरं होतं आणि मी खोटं बोलत होते.

त्यानंतर मला वाटलं, आता हे माझ्याकडे येणार नाहीत, किंवा येतील आणि गावभर सांगतील. मी त्यांच्या येण्याजाण्यावर पाळत ठेवून होते. कट्ट्यावर ते कोणाशी बोलत उभे दिसले, की माझा जीव टांगणीला. तुम्हीच पाहा, संशयी नक्की कोण होतं ते. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. आठ दिवसांनी वर्तमानपत्र मागायला आले, चहा घेतला, खुर्चीचा पाय हलतोय म्हणून मलाच बोलले. पुढे दरवर्षी घट बसायच्या आधी फाटकाशी थांबून तेवढं विचारायचे, "यंदा काय काय धुतलं, बाई?" मी यादी सांगायची. ते शेवटपर्यंत ऐकायचे.

मी त्यांना एकदा म्हणाले, की सईला लिहिते आता. ते म्हणाले, "लिहा न. घाई न्हाई. पोरगी जित्ती हाये." आषाढात सकाळी ते ओट्यावर बसल्याजागी गेले. भाऊ आला, शेत आहे त्या गावी घेऊन गेला. घर रिकामं करताना पलंगाखालच्या पेटीत त्यांच्या उड्यांची वही निघाली. भावाला इंग्रजी वाचता येईना, म्हणून त्याने ती माझ्याकडे आणली. मी ती पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक उडीपुढे एका ओळीत, छत्री कोणी बांधली त्याचं नाव. भटारखान्याची गोष्ट मी गल्लीत खोडून काढली. उशीर झाला होता.

ईशान, तुझ्या शिकवणाऱ्यांना नीट विचार. लाजू नकोस, आणि तुला कोणी संशयी म्हणालं तर म्हणू दे. सई, तू त्यांना जे जे म्हणालीस, ते आता माझ्या नावावर कर.

तुझं ते गाठोडं माझ्याकडे आहे. कापलेल्या दोऱ्यांचं धुतलेलं कापड मी सोडवून टाकून दिलं. पण वरच्या कप्प्यात दुसरी छत्री असते, अडीअडचणीची, हे मला सुभेदारांनी नंतर सांगितलं. त्या वेळी तिथे मला मऊ उशी वाटली होती, म्हणून मी ती उघडली नव्हती. बांधणाऱ्याचा लाल दोरा आणि शिशाचं सील तसंच आहे. मुदत उलटून गेली आहे, जाणत्या माणसाकडून पुन्हा तपासून, बांधून घ्यावी लागेल. ती लोखंडी कपाटात आहे. तिला मी हात लावलेला नाही.