अण्णांची पायवाट

दुकानदाराने पदभ्रमंतीचे दोन नकाशे आणि एक मार्गदर्शिका समोर ठेवली. त्यांत गड होते, धबधबे होते. वडील मला खांद्यावर बसवून शाळेला न्यायचे ती पायवाट नव्हती. नकाशा वाचायला शाळेने शिकवलं, पण शाळेपर्यंत अण्णांनीच नेलं. ती वाट आता फक्त त्यांना ठाऊक आहे, आणि हल्ली ते रोज थोडं थोडं विसरतात. म्हणून या सुट्टीत त्यांच्याबरोबर ती चालायची आहे.

शेजारी उभ्या अण्णांनी एक नकाशा हातात घेऊन फिरवला.

"काका, उलटा धरलात," दुकानदार हसला.

"उगवत तिकडं आहे," अण्णांनी दाराकडे बोट दाखवलं.

मला केवढा धीर आला. मग त्यांनी हळूच विचारलं, "कुठं जायचं म्हणालास?"

मी दोन्ही नकाशे घेतले. मार्गदर्शिकाही घेतली.