दिघाशीचे स्वच्छ सापळे

दिघाशीच्या वनिताकाकूंनी मला फसवलं. सलग सहा आठवडे. नारपोलीत कापडाच्या लूमवर शिफ्ट करून मी शिकलो, भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडून पीक-सल्ल्याचा धंदा उभा केला, आणि गंडलो कुठे, तर वीस गुंठे रताळ्यांत.

काम साधं होतं. रताळ्याला सोंड्या भुंगा लागतो. दिसायला मुंगीसारखा. मादी कंदात अंडी घालते. अळी आतून पोखरते, तिथेच कोष करते, आणि महिन्याभरात नवा भुंगा बाहेर पडतो. वरून वेल हिरवागार. म्हणून शेतात कामगंध सापळा लावायचा. साबणाच्या पाण्याचा टब, त्यावर मादीच्या वासाची कुपी. नर येतात आणि बुडतात. दर गुरुवारी मी ते मोजायचो. आकडा चढू लागला की पुढची पिढी निघायच्या आत कंद काढायचे.

पहिली खेप सोडली तर माझा आकडा दर गुरुवारी शून्य.

"साहेब, खनू का आता?" काकू विचारायच्या.

"थांबा काकू. महाशिवरात्रीला मागणी येईल. व्यापारी माझ्यापुढे टिकत नाही."

"पन येलीच्या बुडाला भोकं दिसत्यात."

"शास्त्र शून्य म्हणतंय."

रिपोर्टमध्ये 'प्रादुर्भाव नाही' हे मी ठळक टाइप केलं होतं.

महाशिवरात्रीच्या चार दिवस आधी खणायला घेतलं. पहिलं रताळं कापलं तर आत काळी भुयारं आणि कडवट वास. दुसरंही तसंच. व्यापाऱ्याने दोन टोपल्या बघितल्या आणि टेम्पो रिकामाच वळवला. अर्ध्याहून जास्त पीक खड्ड्यात पुरावं लागलं. काकूंचं वर्षाचं ते एकच नगदी पीक.

मी शेतातच तापलो. "एवढी कीड, आणि सापळ्यात एक भुंगा नाही? कसं शक्य आहे?"

"व्हते की," काकू म्हणाल्या. "तुमी यायच्या आधी मी टब धुवून ठेवायची."

"का?"

"पयल्या खेपेला तुमीच वरडलात. टबात पाला व्हता, दोन भुंगे व्हते. म्हनालात, हा उकिरडा हाय का सापळा? परत घाण दिसली तर मी यायचा न्हाय."

मला ते आठवलं. दुर्दैवाने शब्दन् शब्द.

"आणि भुंगे?"

"कोंबड्यांना. बेस्तरवार उजाडला की टबापाशी रांग लावायच्या."

"किती असायचे?"

"आदी दोन-चार. मंग मूठभर. शेवटी वंजळभर."

मी सहा आठवडे जो आलेख शोधत होतो, तो काकूंना तोंडपाठ होता. मी कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून सापळ्यात बेडूक निघाला तरी मी आवाज चढवत नाही. पण माझी तक्रार कायम आहे. इतक्या तापट माणसाला मोजणीच्या कामावर ज्याने नेमलं, त्याने वनिताकाकूंच्या अंगणात उभं राहून जाब द्यावा. फर्म माझी आहे. नेमणूकही मीच केली होती.