बकुळाचं न लागलेलं दही

बकुळाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते चारोटीच्या एका लग्नात. मंडपात शिरल्यावर बायका नवरी कुठे बसलीय ते विचारतात. हिने विचारलं, "संडास कुठे आहे?" आधी जागा बघून आली, मग नवरीला आहेर दिला. पंगतीतही तिने त्याच बाजूचं टोक धरलं. मी शेजारी होते. माझ्या पानातल्या भज्यांकडे बघत म्हणाली, "बाई, तुमचं पोट म्हणजे देवमाणूस. माझं म्हणजे नणंद. कधी काय काढेल सांगता येत नाही."

पुढे शाळेतून निवृत्त झाले आणि घोलवडला तिच्याच गल्लीत राहायला आले, तेव्हा या नणंदेची नीट ओळख झाली. बकुळाच्या मोठ्या आतड्याला सूज यायची, जखमा व्हायच्या, रक्त पडायचं. चिकूची वाडी नवरा दौलत बघायचा आणि पॅकिंगची शेड ही. फळं निवडणाऱ्या बायकांवर ओरडता ओरडता ती मधेच पळायची. वेवजीहून कामाला येणारी शुक्री मागून हाक मारायची, "काकी, शिवी अर्धी राहिली." बकुळा ती आतून पुरी करायची.

औषधं चालेनाशी झाली तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, की आतडं काढून पोटाला पिशवी लावावी लागेल. त्याआधी एकच वाट उरली होती. एका नव्या कॅप्सूलचा अभ्यास चालू होता, त्यात बकुळाला घेतलं. तिथल्या डॉक्टर प्रगतीने समजावलं, "दह्यात असतात तसेच हे चांगले जंतू आहेत, फक्त प्रयोगशाळेत शिकवून तयार केलेले. सूज सापडली की तिथल्या तिथे औषध सोडतात. आणि शौचाला निळा रंग येतो, म्हणजे आपल्यालाही कळतं." रोज सकाळी एक कॅप्सूल घ्यायची होती.

मग काय, गल्लीला दुसरा विषय उरला नाही. दौलत वाडीतून ओरडून विचारायचा, "आज कसा?" ही मोरीतून ओरडायची, "मोरपिशी." हळूहळू रंग फिका होत गेला आणि एक दिवस नाहीसा झाला. रक्तही थांबलं.

इथे बकुळाने डोकं चालवलं. तिच्या घरचं विरजण सासूच्या वेळेपासून मोडलेलं नाही. अर्ध्या गल्लीचं दही त्याच्यावरच लागतं. अभ्यास संपला की कॅप्सूल बंद होणार, हे तिला ठाऊक होतं. दह्यासारखेच जंतू असतील, तर घरी विरजण धरून ठेवलं की झालं, डॉक्टरांच्या दारात जायला नको. तिने कॅप्सूल फोडून कोमट दुधात टाकली. सकाळी दूध जसंच्या तसं. तिने आयुष्यात हा अपमान सोसला नव्हता. दुसऱ्या रात्री दोन टाकल्या आणि भांड्याला गोधडी गुंडाळली. दूध नासलं, पण लागलं नाही. कॅप्सूल सगळ्या दुधात चालल्या होत्या, म्हणून ती ते नासकंच दही समजून खाऊ लागली. शुक्रीचंही पोट दुखायचं, तिलाही वाटी दिली. शुक्रीने बोट चाटलं आणि वाटी खाली ठेवली.

"काकी, माझं दुखणं बरं आहे."

थोड्याच दिवसांत रक्त पुन्हा सुरू झालं. बकुळा मात्र निर्धास्त. मला म्हणाली, "रंग कुठे निळा आहे? सूज असती तर निळा झाला नसता?" मी खोदून विचारलं तेव्हा दह्याचं प्रकरण बाहेर आलं.

"अगं, राखणदारच दुधात बुडवून मारलास," मी म्हटलं, "आता शिट्टी कोण वाजवणार?"

ती हळूच म्हणाली, "म्हणजे बाई, आता कापणार मला."

दुसऱ्या दिवशी दौलत आणि मी तिला घेऊन मुंबईला गेलो. तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं, गोधडीसकट. डॉक्टर प्रगती म्हणाली, "काकू, ते बाहेर पसरू नयेत म्हणून त्यांना मुद्दाम तसं बनवलंय. त्यांना लागणारं खाणं फक्त त्या कॅप्सूलमध्ये असतं, तेही एका दिवसापुरतं. दुधात ते उपाशी मरतात."

"म्हणजे घरजावईच की," बकुळा म्हणाली. प्रगतीने हसू दाबून लिहून घेतलं.

अभ्यासात ठेवायचं की नाही, हे त्यांची समिती ठरवणार होती. नाही म्हणाली असती, तर ऑपरेशन. ते दिवस बकुळा शेडवर मुकाट उभी असायची. बायकांना करमेना. शेवटी शुक्री म्हणाली, "काकी, एखादी शिवी तरी दे. चिकूसुद्धा पिकेनात."

समितीने ठेवलं. तिने आपणहून खरं सांगितलं होतं, आणि ही चूक बाकीच्यांना बजावून सांगण्यासारखी होती. अट एकच, यापुढे कॅप्सूल कुणाच्या तरी समोर गिळायची आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा. निळा रंग परत आला, काही आठवड्यांनी परत गेला. दुर्बीण घालून पाहिलं, तर जखमा भरत आल्या होत्या. ऑपरेशनचं नाव तूर्त कुणी काढत नाही.

मधल्या काळात बकुळाने शुक्रीला धरून डहाणूच्या दवाखान्यात नेलं. तिच्या पोटात जंत निघाले. शुक्री म्हणते, "काकीच्या पोटात सोडतात, माझ्या पोटातून काढतात. या डॉक्टरांचं एकदा काय ते ठरू दे."

सध्या बकुळा रोज सकाळी शेडवर कॅप्सूल गिळते, जीभ बाहेर काढून दाखवते, आणि शुक्री तो व्हिडिओ डॉक्टर प्रगतीला पाठवते.