बॉनेटचे दोन भाग

आमची काळी मोटार ह्यांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतली होती. हे खिदिरपूरला कस्टम्समध्ये, त्यामुळे घर गोदीजवळच. थंडीत दगडी कोळशाच्या शेगड्यांचा धूर खाली उतरायचा आणि सकाळी मोटारीवर काजळीचा थर असायचा. दर रविवारी हे ती पुसून पॉलिश लावत. मनासारखी चमक आली नाही की दोष डब्याला. पुढच्या रविवारी नवा डबा.

ह्यांचे कॉलेजपासूनचे एक मित्र भवानीपूरला राहत. त्यांचं म्हणणं उलट होतं, "डबा कुठलाही आण. घासणाऱ्याचा हात हवा." या वादात मी किती चहा केला असेल, सांगता येणार नाही.

मला सातवा महिना होता. बाळंतपणासाठी आई नागपूरहून येणार होती आणि आम्ही तिला आणायला मोटारीने हावड्याला जाणार होतो. नेमका रविवार होता. सकाळी मित्र आले आणि दोघांनी वादाचा निकाल लावायचं ठरवलं. बॉनेटच्या डाव्या भागावर ह्यांचं विलायती पॉलिश, उजव्यावर मित्रांचं साधं बाजारचं मेण. मी साडी नेसून दारात उभी.

"अहो, निघायचं ना?"

"झालंच. जरा वाळू दे."

मोटार उन्हात उभी होती. पॉलिश आणि मेण, दोन्ही इतकं वाळलं, की फडक्याने निघेना. मित्रांनी बारीक पूड आणून आपला उजवा भाग घासायला सुरुवात केली. मी पुन्हा विचारलं. "या अवस्थेत मोटार बाहेर काढू?" हे म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी ट्रामने निघाले. एस्प्लनेडला ट्राम बदलली. एका बंगाली बाईंनी उठून जागा दिली, तेव्हा मला रडूच आलं. हावड्याला पोचेपर्यंत गाडी येऊन गेली होती. आई सामानावर बसली होती, डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन.

"जावई कुठायत?"

"मोटार धुतायत," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

टॅक्सीने घरी आलो, तर दोघं अजून बॉनेटवर वाकलेले. उजव्या भागावर तळहाताएवढा काळा रंग घासून गेला होता आणि खालचं तांबडं अस्तर दिसत होतं.

"बघ, तुझं मेण चांगलं असतं तर इतकं घासावंच लागलं नसतं," हे म्हणाले.

"तू वेळेवर पुसू दिलं असतंस तर?" मित्र म्हणाले.

आई टॅक्सीतून उतरली होती. तिला नमस्कार करायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं. तिनं तो तांबडा डाग बघितला, माझे सुजलेले पाय बघितले आणि जिना चढायला लागली. तेव्हा कुठे हे हातातलं फडकं टाकून तिची ट्रंक उचलायला धावले.

जेवताना आई ह्यांच्याशी मोजकंच बोलली. हे मान खाली घालून जेवले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. हात धुवायला उठताना म्हणाले, "रंगाऱ्याकडे नेतो उद्या. पण तसा काळा रंग इथे मिळेल का, शंकाच आहे."

मिळाला नाही. मोटार विकेपर्यंत तो तुकडा वेगळाच दिसायचा आणि त्यावरून दोघांचा वाद चालूच राहिला. माझा मुलगा रांगायला लागला, तरी चालू होता. चहा मात्र मी तेव्हापासून त्यांनी मागितल्याशिवाय केला नाही.