ब्रुनोने परत म्हटलेला आकडा

मंडळी, तुमच्या या सदरातले पिंपळ, पांढऱ्या साड्या आणि घाटात लिफ्ट मागणाऱ्या बाया मी गेली दहा वर्षं चहाबरोबर वाचतोय. वाचतो आणि फिदीफिदी हसतो. भुतं रिकामटेकडी, आणि त्यांच्यावर लिहिणारे त्याहून रिकामटेकडे, असं माझं स्पष्ट मत. आता मीच लिहायला बसलोय... तेव्हा तुम्ही हसून घ्या, हिशेब फिटेल.

स्थळ — पार्सिपनी, न्यू जर्सी. आमच्या टाउनहाऊसमधलं डायनिंग टेबल. वेळ — शनिवार, दुपारचे तीन. लख्ख ऊन. शेजारचा टोनी आपल्या लॉनवरची पानं रेकने शांतपणे आमच्या लॉनवर ढकलतोय. एकंदरीत भुताला अत्यंत गैरसोयीची वेळ.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझे सासरे, अण्णा, मूळचे सांगलीचे. साठच्या दशकाच्या शेवटी ते पाहुणे शास्त्रज्ञ म्हणून युरोपात गेले. तिथे सहा देशांनी मिळून अणुऊर्जेच्या संशोधनाचा करार केला होता. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एकमेकांची शहरं बेचिराख केली, तेच आता एका अणुभट्टीभोवती बसून सहकार्य करणार. कसलं डोंबलाचं सहकार्य? आमच्या टाउनहाऊस असोसिएशनचं असतं तसंच. भट्टी कोणाच्या अंगणात, रिपोर्ट कोणाच्या भाषेत, कँटीनमध्ये कोणाचं चीज — यावर मीटिंगा. आणि अण्णांच्या केंद्रात तर एका शिफ्टला एकाच देशाची दोन माणसं बसवायची नाहीत असा नियम. याला म्हणे परस्परविश्वास.

तिथली एक पद्धत मात्र अण्णा फार अभिमानाने सांगत. शिफ्ट बदलताना जाणाऱ्याने नोंदवहीतली शेवटची ओळ इंग्रजीत वाचायची आणि येणाऱ्याने त्यातला आकडा स्वतःच्या मातृभाषेत परत म्हणायचा. इंग्रजी काय, पोपटही परत म्हणतो. आकडा आईच्या भाषेत आला म्हणजे डोक्यात उतरला. मग दोघांनी सह्या करायच्या.

एका सकाळी अण्णांनी शिफ्ट ब्रुनो नावाच्या इटालियनाच्या हाती दिली. नमुन्याचं तापमान २७१ वर धरून ठेवायचं होतं. ब्रुनोच्या शिफ्टमध्ये ते २११ वर आलं, नमुन्याला तडे गेले, तीन महिन्यांचं काम कचऱ्यात. चौकशी झाली, तीही वहीच्या त्या पानाच्या फोटोकॉप्या सहा देशांना वाटून. ब्रुनो म्हणाला, वहीत २११च लिहिलंय आणि मला कोणी वाचून दाखवलं नाही. सहा देशांचं एका गोष्टीवर चटकन एकमत झालं — चूक सातव्याची. अहवालात तसं छापलं आणि अण्णा मुदतीआधीच सांगलीला परत आले.

त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं अण्णांचं एकच वाक्य. "मी वाचून दाखवलं होतं. त्याने परत म्हटलं होतं." लग्नात, मुंजीत, आमच्याकडे आल्यावर थँक्सगिव्हिंगला. पाहुणे गेले की मी त्यांची नक्कल करायचो... हुबेहूब, मान हलवून. माधुरी, म्हणजे माझी बायको, हसायची आणि मग म्हणायची, "पुरे हं, माझे वडील आहेत ते." गेल्या वर्षी अण्णा गेले.

आमची लेक ईरा विज्ञानाच्या इतिहासात पीएचडी करतेय. विषय — युरोपातलं हेच ते अणुसंशोधनातलं सहकार्य. (मी म्हटलं होतं, कम्प्युटर सायन्स घे. असो.) तिच्या एका चॅप्टरमध्ये ही वाचून दाखवायची पद्धत होती आणि अर्थातच ती मोडल्याचं उदाहरण म्हणून अण्णा. तिच्या प्रोफेसर म्हणाल्या, पुरावा आण, नाहीतर अहवालात आहे तेच लिही. मुदत महिनाअखेरची.

"म्हणजे आजोबांची चूक मी स्वतः छापायची, बाबा. फॉरेव्हर," ती म्हणाली.

टेबलावर नोंदवहीच्या त्या पानाची काळीपांढरी फोटोकॉपी होती. शेजारी तिचा फोन. ती बोलून नोट्स घेते आणि अ‍ॅप ते टाइप करतं. मूड हलका करावा म्हणून मी — हो, मीच — अण्णांसारखी मान हलवली आणि ती ओळ वाचली. "होल्ड अ‍ॅट टू वन वन."

"नॉट फनी, बाबा," ईरा म्हणाली.

मग दोघंही गप्प. बाहेर टोनीचा रेक, आत फ्रिजची घरघर. दुसरं काही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. तिने रेकॉर्डिंग थांबवलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

स्पीकर वन — माझं वाक्य. स्पीकर टू — ईरा. त्याखाली स्पीकर थ्री, आणि पुढे एकच लांबलचक शब्द.

आम्ही ते परत ऐकलं. ईराच्या वाक्यानंतर चारेक सेकंद शांतता, मग एका पुरुषाचा जरा घोगरा आवाज. "दुएचेंतोसेत्तांतुनो." आणि त्यानंतर कागदावर पेन फिरल्यासारखा आवाज.

इटालियन. दोनशे एकाहत्तर.

मी ताबडतोब शहाणा झालो. टीव्ही बंद, स्पीकर बंद, लॅपटॉप बंद. न्यू जर्सीत इटालियन शोधायला भूत कशाला लागतंय, म्हणून टोनीला बोलावून ऐकवलं. तो म्हणाला, "माय ग्रँडमा टॉक्ड लाइक दॅट. मला फक्त शिव्या येतात." त्याने दोन म्हणूनही दाखवल्या. आवाज अजिबात जुळत नव्हता.

"फुटनोटमध्ये काय लिहू? पर्सनल कम्युनिकेशन, भूत?" ईरा म्हणाली. पण त्याच संध्याकाळी तिने तिथल्या दफ्तरखान्याला मेल टाकला — फोटोकॉपी नको, मूळ पानाचा रंगीत स्कॅन पाठवा. आजवर तो कोणी मागितलाच नव्हता. छापील अहवाल असताना कोण मागतो?

नऊ दिवसांनी स्कॅन आला. अण्णांचा सांगलीच्या वळणाचा इंग्रजी सात म्हणजे एकालाच जरा पोक आल्यासारखा, हे आम्हाला घरात ठाऊक. युरोपात साताच्या पोटात आडवी रेघ मारतात. अण्णांच्या शाईतल्या त्या मधल्या आकड्यावर फिकट निळ्या पेन्सिलीने अशीच एक आडवी रेघ ओढलेली होती, आणि त्याच पेन्सिलीने खाली ब्रुनोची सही. म्हणजे त्याने ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, सात नीट करून सही केली होती. फोटोकॉपीत निळी पेन्सिल उमटत नाही, एवढंच. मग चौकशीत तो खोटं का बोलला? ब्रुनोला जाऊन वीस वर्षं झाली, कोणाला विचारणार?

चॅप्टर दुरुस्त झाला. प्रोफेसरबाईंनी मान्य केला. त्या रेघेचं स्पष्टीकरण आहे, आवाजाचं नाही. अ‍ॅपवाल्यांना लिहिलं, त्यांनी अपडेट करा म्हणून कळवलं. माझ्या एका इंजिनिअर मित्राने अर्धा तास वेव्हफॉर्म पाहून "यार, काहीतरी इंटरफेरन्स असेल" असा शोध लावला. त्याची अक्कल माझ्याएवढीच आहे, म्हणून तर मित्र.

मला छळते ती गोष्ट वेगळीच. ब्रुनोने निदान एकदा तरी परत म्हटलं होतं. मी अठ्ठावीस वर्षं जावई होतो, अण्णांनी मला ती ओळ शंभरदा वाचून दाखवली... मी एकदाही परत म्हटली नाही. नक्कल तेवढी केली.

तेव्हा इथे लिहून ठेवतो, अण्णा. दोनशे एकाहत्तर.