गर्दी नसलेला जानेवारी

पंचशीला सोनकांबळे पूर्वी लई मोठ्यानं हसायची. देगलूरजवळच्या ज्या सरकारी दवाखान्यात ती नर्स आहे, तिथल्या जुन्या लोकांना ते अजून आठवतं. आत इंजेक्शनच्या खोलीत ती हसली की बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनाही उगाचच बरं वाटायचं. माहेर लातूरकडं, मुरुडचं. नर्सिंग लातूरलाच झालं. लग्न होऊन देगलूरला आली तेव्हा तिचा नवरा धम्मानंद जिल्हा परिषदेच्या शाळेवर नवीनच लागला होता. पहिल्याच वर्षी दोघं माळेगावच्या जत्रेला गेली आणि मोठ्या पाळण्यात बसली. पाळणा वरून खाली यायला लागला तेव्हा ती अशी किंचाळली, की पाळणेवाल्यानं घाबरून पाळणा थांबवला. खाली उतरल्यावर ती पोट धरून हसत होती आणि म्हणत होती, "थांबवला कशाला? आणखी एकदा बसू." धम्मानंद गुरुजी ही गोष्ट शाळेत, पाहुण्यांत, कुठंही सांगत.

दुसऱ्या लाटेच्या वेळी तिची ड्युटी कोविड सेंटरला लागली. मुलगी लुंबिनी तेव्हा लहान होती. तिला मुरुडला आजीकडं ठेवलं. सेंटरवर पंचशीलानं काय पाहिलं ते तिनं घरी कधी सांगितलं नाही, आणि गुरुजींनी खोदून विचारलं नाही. आत पेशंट गेला की बाहेर उभ्या नातेवाइकांना सांगायचं काम हळूहळू तिच्याकडंच आलं, कारण तिला ते नीट जमायचं. आवाज चढू द्यायचा नाही, रडायचं नाही, सांगायचं आणि पुढच्या कॉटकडं जायचं. घरातलं कुणी गेलं नाही. तिला स्वतःला साधा तापही आला नाही. सेंटर बंद झालं, ती दवाखान्यात परत आली, लुंबिनी मुरुडहून घरी आली. सगळे म्हणाले, तुम्ही सुटलात.

त्यानंतर ती हसली नाही. रडलीही नाही. ड्युटी चुकवली नाही, स्वयंपाक चुकवला नाही, लुंबिनीची वेणी रोज घातली. दोन वर्षांनी तिची आई मुरुडला वारली, तेव्हा भावकीतल्या बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि ती चहाला किती दूध लागेल ते विचारत होती. एक मावशी म्हणाली, "पोरगी दगड झाली की गं." गुरुजींनी ते ऐकलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना भीती वाटली. नांदेडला एका डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरांनी झोप येते का विचारलं, ती येत नाही म्हणाली, त्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. तिला झोप लागू लागली. ते प्रकरण तिथंच थांबलं.

मग गुरुजींच्या डोक्यात हैदराबादच्या बाहेरचं ते मोठं पार्क आलं. माळेगावचा पाळणा जिथं खेळणं वाटेल, असले झोके तिथं आहेत असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण त्यांच्या मनानं घेतलं होतं, की हिला तिथं नेलं की ही ओरडेल, आणि एकदा ओरडली की पुढचं सगळं आपोआप होईल. फक्त वेळ चुकायला नको. म्हणून ते सीझन शोधत बसले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळेच जातात. त्यांच्या शाळेतले सुदर्शन सर मे महिन्यात जाऊन आले होते. ते म्हणाले, "बिलकुल जाऊ नका. रांगेतच दिवस गेला. पोरगं उन्हानं ओकलं, लोखंडी कठड्याला हात लावायची सोय न्हाई." मे बाद झाला. पावसाळ्यात गर्दी कमी, पण पाऊस आला की मोठे झोके बंद ठेवतात. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला जायचं असतं, मग दिवाळीची सुट्टी, आणि दिवाळीत तर अर्धं तेलंगणा तिथंच असतं. डिसेंबरात शाळांच्या सहलींच्या बसगाड्या. या साऱ्यात दोन वर्षं गेली.

दर वेळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारत, "दिवाळीनंतर गेलो तर?"

"चालतंय," ती म्हणायची.

"का मग मार्चमध्ये? परीक्षेच्या आधी?"

"चालतंय की."

"अगं, तुला कधी जावं वाटून राहिलं?"

ती पोळी उलटायची, थोडा वेळ खरोखर विचार करायची आणि म्हणायची, "तुम्ही म्हणाल तेव्हा."

शेवटी त्यांना जानेवारी सापडला. संक्रांत झाली की तिकडची गर्दी ओसरते, हवा थंड असते, शाळा सुरू असतात. त्यातही मधला वार, म्हणजे मंगळवार. लुंबिनी आता आठवीत होती. नववीपासून तिला लातूरला शिकायला ठेवायचं ठरलं होतं, म्हणजे जायचं तर हाच जानेवारी. गुरुजींनी रजा टाकली, तिनं ड्युटी बदलून घेतली, आणि भीमाशंकर नावाच्या ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी ठरली.

पहाटे निघाले. काचेवर दव होतं. सीमा ओलांडली तशा पाट्या तेलुगू झाल्या आणि रस्ता रुंद झाला. गुरुजी सारखं बोलत होते. लुंबिनी मागं आईजवळ बसून तिच्याकडं बघत होती. पंचशीला बाहेर बघत होती. हरभऱ्याची रानं, पिवळी करडई, उसाच्या गाड्या. तिला सगळं स्पष्ट दिसत होतं.

गुरुजींचा हिशेब बरोबर निघाला. पार्कात माणसं मोजकीच होती. ऊन कोवळं, वारा गार, झाडं नुकतीच धुतल्यासारखी. कुठंच रांग नाही. "बघा," गुरुजी म्हणाले, "बघा, म्हणलं नव्हतं?" त्यांना ब्लडप्रेशर होतं, म्हणून मोठ्या झोक्यावर ते बसू शकत नव्हते. सगळ्यात उंच रोलर कोस्टरवर मायलेकी गेल्या. गुरुजी खाली मान वर करून उभे राहिले.

गाडी वर चढली, क्षणभर थांबली आणि खाली सुटली. पोटात खड्डा पडला, तो पंचशीलाला कळला. केस तोंडावर आले, कानात वारा भरला. आजूबाजूला सगळे ओरडत होते. तिच्या मनात आलं, पट्टा नीट लावलाय का पोरीनं. तिनं हात लावून पाहिला. लावला होता.

उतरल्यावर एका पडद्यावर सगळ्यांचे फोटो दिसत होते. लोकांची तोंडं उघडी, डोळे मिटलेले, हात वर. मधोमध पंचशीला, बसस्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या बाईसारखी. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, फोटो?" लुंबिनी घाईनं म्हणाली, "नको." मग आईचा हात धरून म्हणाली, "परत बसू."

रांग नव्हतीच. त्या परत बसल्या. पुन्हा बसल्या. लुंबिनी आता खाली येताना पुढं बघतच नव्हती, मान वळवून आईचं तोंड बघत होती. पुढच्या खेपेला गाडी थांबल्यावर ती उठलीच नाही. पट्ट्यावर हात ठेवून रडायला लागली.

"आई, ओरड ना गं एकदा. एकदाच."

पंचशीलानं तिला उठवलं, बाजूच्या बाकावर नेलं, जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. रडणाऱ्या माणसाला कसं धरायचं ते तिला चांगलं ठाऊक होतं. मक्याची कणसं घेऊन गुरुजी आले आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं? पडली का?"

"न्हाई," पंचशीला म्हणाली. "बसा तुम्ही."

ते बसले.

"मला काहीच वाटत न्हाई हो," ती म्हणाली. ड्युटीवर सांगते तशाच आवाजात म्हणाली. "तुम्ही वेळ चांगली शोधली. हवा चांगली हाय. पण मे असो की जानेवारी, मला काहीच वाटत न्हाई. आई गेली तेव्हा बी वाटलं न्हाई."

गुरुजींनी कणसं मांडीवर ठेवली. "कधीपासून?"

"सेंटरवरनं. तिथं मी मुद्दाम तसं केलं होतं. केलं म्हणून काम होत होतं. मला वाटलं, घरी आल्यावर जाईल. गेलं न्हाई."

"मग सांगायचं न्हाई का?"

"काय सांगू? दुखत तर काहीच न्हाई."

लुंबिनीनं नाक पुसलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मला वाटायचं, तू माझ्यावर रागावली हायस."

"तुझ्यावर? कशाला?"

"मी मुरुडला होते ना. फोनवर म्हणले होते, तू मर तिकडंच, मला आजीच पाहिजे. तेव्हापासून तू अशी झालीस."

पंचशीला तिच्याकडं बघत राहिली. ते बोलणं तिला आठवतही नव्हतं. इतकी वर्षं ही पोर वेणी घालून घेताना मान खाली घालून बसायची, ते का, हे तिला आत्ता कळलं. या क्षणी काहीतरी वाटायला पाहिजे, हेही तिला कळलं. तिनं वाट पाहिली. आलं नाही. तेव्हा तिनं जे खरं होतं तेवढंच सांगितलं.

"न्हाई गं. तुझा काही संबंध न्हाई. तू लहान होतीस. मी कधी रागावले न्हाई तुझ्यावर."

"शप्पथ?"

"शप्पथ."

लुंबिनी आणखी थोडा वेळ रडली, पण आता वेगळं रडली. मग तिला भूक लागली. तिघांनी गार झालेली कणसं खाल्ली. उरलेल्या दिवसात कुणी पंचशीलाच्या तोंडाकडं बघितलं नाही. बापलेक छोट्या मोटारींत बसून एकमेकांना धडका देत राहिले, ती पिशव्या घेऊन कठड्याशी उभी राहिली. गुरुजींची टोपी पडली, लुंबिनी हसून हसून स्टिअरिंगवर लवंडली. पंचशीलानं आत जाऊन टोपी उचलून आणली आणि झटकून त्यांना दिली. येताना गाडीत गुरुजी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. मध्येच एकदा म्हणाले, "मी आपला सीझन बघून राहिलो होतो." तिनं "हाव," म्हटलं.

आठवड्यानं दवाखान्यात तिनं रत्नम्माला हे सांगितलं. रत्नम्मा सेंटरवर तिच्याबरोबर झाडूपोछ्याला होती. रत्नम्मा म्हणाली, "सिस्टर, माझं उलटंच. घरात तांब्या पडला तरी मला रडू येतंय." दोघी औषधांच्या खोलीत बराच वेळ बसल्या. मग पंचशीला पुन्हा नांदेडच्या त्या डॉक्टरकडं गेली. या वेळी तिनं झोपेचं नाही, काहीच वाटत नाही हे सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि बाकीच्या पेशंटांना थांबायला लावलं. तेव्हापासून ती महिन्यातून दोनदा जाते. गुरुजी बरोबर जातात आणि बाहेर पेपर वाचत बसतात.

जूनमध्ये लुंबिनी लातूरला होस्टेलवर गेली. निरोपाच्या वेळी पंचशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. लुंबिनीनं ते शोधलंही नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. भाजी कसली होती, कोणती पोरगी घोरते, असलं बोलणं. शेवटी ती विचारते, "आज काय वाटलं?" आई म्हणते, "काही न्हाई." लुंबिनी म्हणते, "बरं."

श्रावणात एके दिवशी पंचशीला थांबून म्हणाली, "आज जरा राग आला."

"कुणाचा?"

"नवीन वॉर्डबॉय. बाळंतिणीची चादर वल्लीच घातली. मी ओरडले त्याच्यावर."

"मोठ्यानं?"

"व्हरांड्यापतूर गेला असंल आवाज. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं."

"मग?"

"मग काय, दुसरी चादर घातली," पंचशीला म्हणाली. "तू जेवलीस का?"