पाडेलीच्या घरची दोघं

संगमेश्वरापासून आत, नदीकाठच्या वाडीत त्याला सगळे रघू पाडेलीच म्हणत. नारळ पाडणं हा घरचाच धंदा. बापाने पहिल्यांदा माडावर चढवलं तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, एवढ्यावर तो सरसर शेंड्याला जायचा आणि वरून खालच्यांची थट्टा करायचा. त्याच्या वयाचे बहुतेक मुंबईला गेले. रघू माडावरच रमला.

एका सकाळी जुन्या माडाची झावळ हातात सुटून आली आणि रघू खाली कोसळला. जीव वाचला, पण उजवा गुडघा वाकेनासा झाला. माणसं भेटायला येत, "आता बसून खा रे," म्हणत. ते त्याला पडण्यापेक्षा जास्त झोंबायचं.

त्याच वर्षी चिपळूणला माडावर चढायचं यंत्र दाखवत होते. त्याची बायको गोदा ते बघून आली आणि जेवताना म्हणाली, "मी शिकणार चढायला."

"येडी झालीस? बाईमाणूस माडावर?"

"तुम्ही पडलात तेव्हा शेतात, गोठ्यात, तुमच्या उशाशी बाईमाणूसच होतं ना? मग माडावर का नको?"

रघूने ताटातला भात कालवला आणि यंत्राची किंमत विचारली.

यंत्र घरी आलं. पहिल्याच दिवशी गोदा निम्म्यावर जाऊन थिजली. डोळे मिटून तिने माडाला मिठीच मारली. खाली जमलेल्यांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. रघू काठी टेकत बुंध्याशी गेला. जन्मात कुणाला न सांगितलेली गोष्ट त्याने सगळ्यांदेखत सांगितली.

"गोदा, मीपण भ्यायचो गो. दर खेपेला भ्यायचो. खाली बघू नको, समोरची साल बघ. हां, आता डावा पाय उचल."

एकेक पाऊल सांगत त्याने तिला शेंड्याला पोचवलं. पहिला नारळ धप्पकन पडला तेव्हा रघू इतक्या जोरात ओरडला, की नदीपलीकडच्या माणसांनी माना वळवल्या.

तिथून कामं वाढतच गेली. ती वर, तो खाली. बुंध्याशी उभा राहून नारळांची कुठली पेंड तयार आहे, कुठली झावळ कुजली आहे ते तो ओरडून सांगायचा. शेजारच्या वाड्यांतल्या दर्शना, रसिकासारख्या मुलीही त्याच्याकडे शिकायला आल्या.

देवीच्या बागेतले नारळ उतरवायचा दिवस आला. पहिला नारळ पाडेलीच्या हाती द्यायचा, हा जुना मान. गोदाने नारळ उतरवले. गावचे मानकरी गंगाराम मात्र सवयीने नारळ घेऊन रघूपुढे उभे राहिले.

रघूने हात मागे घेतले. "पाडेली ती. तिला द्या."

"बाईला? असं कधी झालं नाही, रघू."

"बाई माडावर चढली, हे तरी कधी झालं होतं?"

लोक हसले, मग गंगारामही हसले. त्यांनी वळून नारळ गोदाच्या हाती दिला. तिने तो देवीच्या पायांना लावला, कोयत्याच्या एका घावात फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा साऱ्या गावासमोर रघूच्या तोंडात कोंबला. ढोल वाजू लागले. रघू लाजून लालेलाल झाला, पण मान त्याने खाली घातली नाही.